पॉलिहाउसच्या प्रकाश विखुरणाऱ्या फिल्मसाठी कोणता फिलर योग्य? तुलना आणि अनुभव

बहुवारिक_पुणे (धागाकर्ती)

नमस्कार. मी मास्टरबॅच, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये मिसळायच्या फिलरचे (भुकटीचे) दाट मिश्रण असलेले दाणे, बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात काम करते. पॉलिहाउसवर घालण्यासाठी २०० मायक्रॉन जाडीची, तीन थरांची ब्लोन (फुग्यासारखी फुगवून काढलेली) फिल्म बनवणाऱ्या एका ग्राहकाला आमच्याकडून असा मास्टरबॅच हवा आहे, ज्यामुळे फिल्म सूर्यप्रकाश विखुरेल, रात्री आतली उष्णता काही प्रमाणात अडवेल आणि तिचे आयुष्यही कमी होणार नाही. मूळ बहुवारिक (पॉलिमर) एलडीपीई, म्हणजे कमी घनतेचे पॉलिथिन, असून मधल्या थरात थोडे ईव्हीए (एथिलीन व्हिनाइल ॲसिटेट) आहे.

माझ्यापुढे कॅल्शियम कार्बोनेट, बेरियम सल्फेट, सिलिका, भाजलेले केओलिन, ॲक्रिलिकचे सूक्ष्म मणी, सिलिकोन रेझिनचे सूक्ष्म मणी आणि टायटॅनियम डायऑक्साइड असे पर्याय आहेत. पुरवठादारांच्या माहितीपत्रकांत प्रत्येक जण आपल्या मालाचा हेझ (धूसरपणा) किती येतो एवढेच सांगतो. केवळ त्या आकड्यावरून निवड करू नये असे मला वाटते, परंतु मग कोणत्या निकषांवर करावी, याविषयी आपले अनुभव आणि मते हवी आहेत. किमतीमुळे माझा कल सध्या कॅल्शियम कार्बोनेटकडे आहे. त्याविरुद्ध ठोस कारणे असतील तर ती अवश्य मांडावीत.

दिवेलागण

आम्ही एलईडी पॅनेलसाठी पॉलिकार्बोनेटचे डिफ्यूझर शीट काढतो. त्यात ॲक्रिलिकचे मणी वर्षानुवर्षे उत्तम चालले आहेत. प्रकाश फारसा कमी होत नाही आणि दिव्याचा ठिपका दिसत नाही. किंमत परवडत असेल तर सरळ तेच घ्यावेत असे मी सुचवेन.

प्रकाशवेध

दिवेलागण यांचा अनुभव पॉलिकार्बोनेटसाठी अगदी खरा आहे, पण तो एलडीपीईला लागू पडणार नाही, आणि या संपूर्ण प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. प्रकाश विखुरण्याचे काम फिलर एकटा करत नाही. फिलर आणि बहुवारिक यांच्या अपवर्तनांकांतील फरक ते काम करतो. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक सुमारे १.५८५ आणि ॲक्रिलिकचा १.४९ आहे, म्हणजे फरक जवळपास ०.०९५. एलडीपीईचा अपवर्तनांक मात्र १.५१ आहे. तिथे तोच फरक ०.०२ इतका उरतो. मधल्या थरात ईव्हीए असेल तर त्या थराचा अपवर्तनांक आणखी खाली येतो आणि ॲक्रिलिकचे मणी प्रकाशाला जवळजवळ दिसेनासे होतात.

बाकीच्या पदार्थांचे आकडे ढोबळमानाने असे आहेत. सिलिकोन रेझिन १.४३, अस्फटिकी सिलिका १.४६, केओलिन १.५६, बेरियम सल्फेट १.६४, झिंक ऑक्साइड २.०, रुटाइल टायटॅनियम डायऑक्साइड २.७. कॅल्साइटची गोष्ट निराळी आहे. त्याच्या स्फटिकात दिशेनुसार १.४९ आणि १.६६ असे दोन अपवर्तनांक असतात, त्यामुळे प्रत्येक कण कसा पडला आहे त्यावर त्याचा परिणाम बदलतो.

आता कणाच्या आकाराकडे येऊ. कणामधून जाणारा प्रकाश आणि कणाशेजारून जाणारा प्रकाश यांच्यात जी कला-भिन्नता पडते, तिच्यावर विकिरणाची कार्यक्षमता अवलंबून असते. अपवर्तनांकांतला फरक लहान असेल तर हिरव्या प्रकाशासाठी सर्वाधिक कार्यक्षम व्यास मायक्रॉनमध्ये साधारण ०.३६ भागिले तो फरक, इतका येतो. या हिशेबाने एलडीपीईमध्ये सिलिकोनच्या मण्यांसाठी सुमारे ४.५ मायक्रॉन, बेरियम सल्फेटसाठी २.८ मायक्रॉन, सिलिकासाठी ७ मायक्रॉन आणि ॲक्रिलिकसाठी तब्बल १८ मायक्रॉन हा अनुकूल व्यास ठरतो. २०० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये, त्यातही एका थरात, १८ मायक्रॉनचे मणी घालणे फिल्मच्या मजबुतीला मानवणारे नाही. टायटॅनियम डायऑक्साइडसाठी हे सूत्र ताणूनच वापरावे लागते, तरी उत्तर ०.३ मायक्रॉनच्या आसपास येते, आणि रंग उद्योगात पांढरेपणासाठी तो जवळपास त्याच आकारात दळला जातो.

फरक लहान आणि कण मोठा असेल तर विखुरलेला प्रकाश बहुतांशी पुढच्या दिशेने, म्हणजे पिकाकडेच जातो. फरक मोठा आणि कण लहान असेल तर बराच प्रकाश मागे, आकाशाकडे परततो. पॉलिहाउसला पहिला प्रकार हवा आहे.

खनिजमित्र

प्रकाशवेध यांनी व्यास सांगितला, मी त्यात घनतेची भर घालतो. कारखान्यात आपण फिलर वजनाने मोजतो, पण प्रकाशाला दिसते ते आकारमान. फिल्ममध्ये वजनाने १ टक्का बेरियम सल्फेट घातले तर त्याची घनता ४.४ च्या आसपास असल्यामुळे आकारमानाने ते फक्त ०.२ टक्के भरते. कॅल्शियम कार्बोनेटची घनता २.७ असल्याने ते ०.३४ टक्के भरते. सिलिकोन रेझिनची घनता १.३२ आहे, म्हणून तेवढ्याच वजनात ०.७ टक्के. किलोमागे भावाची तुलना करताना हा तिपटीहून जास्त फरक जमेस धरला नाही, तर बेरियम सल्फेट प्रत्यक्षापेक्षा स्वस्त आणि सिलिकोन प्रत्यक्षापेक्षा महाग दिसते.

दुसरा मुद्दा शुद्धतेचा आहे. आपल्याकडे कॅल्साइटची भुकटी प्रामुख्याने राजस्थानातून येते आणि तिच्या प्रतींमध्ये फार अंतर असते. लोहाचा अंश असलेली भुकटी उन्हात बहुवारिकाचे विघटन वेगाने घडवते. पांढरेपणा पाहून लोहाचा अंदाज बांधणे पुरेसे नाही, त्याचे रासायनिक विश्लेषण मागावे. बॅराइटचा साठा आंध्र प्रदेशात मंगमपेट येथे प्रचंड आहे, परंतु खाणीतले दळलेले बॅराइट या कामासाठी रंगाने मळकट आणि कणांच्या आकारात असमान पडते. फिल्मसाठी अवक्षेपित बेरियम सल्फेटच घ्यावे लागते आणि त्याचा भाव निराळा असतो.

फिरता_रोल

मी ब्लोन फिल्मच्या मशीनवर काम करतो, म्हणून यंत्राच्या बाजूने चार गोष्टी लिहितो.

कॅल्शियम कार्बोनेट स्टिअरिक ॲसिडचा लेप दिलेले असेल तर छान मिसळते. लेप नसेल तर गुठळ्या राहतात आणि त्या फिल्ममध्ये ठिपके होऊन दिसतात. सिलिका हवेतील ओलावा ओढते. पावसाळ्यात उघडी पोती राहिली तर फुग्यात बुडबुडे येतात आणि फिल्म फाटते. स्फटिकी सिलिका असेल तर तिचा कठीणपणा मोहच्या मापावर ७ आहे, त्यामुळे स्क्रू आणि बॅरल झिजतात. कॅल्साइट ३ वर, बॅराइट ३ ते ३.५ वर, तर टाल्क १ वर आहे, म्हणून हे यंत्राला सौम्य आहेत. सिलिकोनचे मणी गोल असल्यामुळे डायच्या ओठावर जमा होणारा थर कमी होतो, असे मी पाहिले आहे.

आणखी एक. फिलर नेहमी मधल्या थरात घालावा. बाहेरच्या थरात घातला तर पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो, त्यावर धूळ बसते आणि पावसाने ती पूर्ण धुऊन जात नाही.

जरबेरा_मावळ

फिरता_रोल यांनी धुळीचा मुद्दा काढला त्याबद्दल आभार. आम्हा पॉलिहाउसधारकांच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे, आणि धुळीची चर्चा माहितीपत्रकात कधीच नसते. डिसेंबर ते मे या काळात पेपरवर (पॉलिहाउसच्या फिल्मवर) बसलेली धूळ पाच-सात टक्के प्रकाश सहज खाते. मग फिलरने एक-दोन टक्के वाचवल्याचा उपयोग काय उरणार?

धागाकर्तीताईंना मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. मावळात जुलै-ऑगस्टमध्ये सलग कित्येक दिवस सूर्य दिसत नाही. ढगांतून येणारा प्रकाश मुळातच विखुरलेला असतो. अशा वेळी पेपरने तो पुन्हा विखुरल्याने पिकाला काडीचाही फायदा होत नाही, उलट फिलरमुळे जो प्रकाश मागे परततो तेवढे नुकसानच होते. जरबेऱ्याच्या कळ्यांची संख्या त्या दोन महिन्यांत घटते आणि त्याचा फटका थेट गणेशोत्सव व नवरात्रीच्या बाजाराला बसतो. म्हणून आमच्यासाठी पहिला निकष एकूण पारगम्यता हाच आहे. हेझ त्यानंतर.

डेल्फ्ट_मुक्कामी

मी नेदरलँड्समध्ये हरितगृहांच्या क्षेत्रात काम करते. येथील वाखेनिंगन विद्यापीठाने विसरित प्रकाशावर अनेक वर्षे प्रयोग केले आहेत. काकडी आणि टोमॅटो या उंच वाढणाऱ्या पिकांत विसरित काचेखाली उत्पादनात साधारण ८ ते ११ टक्क्यांपर्यंत वाढ दिसली. त्याची कारणे स्पष्ट आहेत. सरळ उन्हात वरची पाने प्रकाशाने संपृक्त होतात आणि खालची सावलीत उपाशी राहतात. प्रकाश अनेक दिशांनी आला तर तो मधल्या पानांपर्यंत पोहोचतो, आणि दुपारी वरच्या पानांचे तापमानही कमी राहते.

परंतु या प्रयोगांत एक अट काटेकोर पाळलेली होती. विसरित काचेची अर्धगोलीय पारगम्यता साध्या काचेइतकीच ठेवलेली होती. म्हणजे सर्व कोनांतून येणाऱ्या प्रकाशापैकी किती आत येतो हे मोजून, ते समान ठेवून, मगच तुलना केली गेली. जरबेरा_मावळ यांचे म्हणणे याच्याशी पूर्ण जुळते. पारगम्यता गमावून मिळवलेले विसरण फायद्याचे ठरेलच असे नाही.

हेझबद्दलही लिहायला हवे. हेझ म्हणजे पार गेलेल्या प्रकाशापैकी २.५ अंशांपेक्षा जास्त वळलेल्या प्रकाशाचे प्रमाण. ५ अंशांनी वळलेला किरण आणि ५० अंशांनी वळलेला किरण या मोजणीत सारखेच धरले जातात. त्यामुळे दोन फिल्मचा हेझ ७० टक्के असला तरी एकीखाली पाइपची सावली ठळक पडते आणि दुसरीखाली ती विरून जाते. येथे म्हणूनच हॉर्टिस्कॅटर नावाचे निराळे मापन वापरतात, ज्यात प्रकाश कोणत्या कोनांत किती पसरला हे जमेस धरले जाते. सर्व पुरवठादारांनी फक्त हेझ सांगावा आणि ग्राहकाने त्यावर विसंबून खरेदी करावी, ही पद्धत मला खरोखर अन्यायकारक वाटते, कारण नुकसान शेतकऱ्याचे होते.

दिवेलागण

प्रकाशवेध, आपले स्पष्टीकरण पटले. एलडीपीईचा अपवर्तनांक मी लक्षात घेतला नव्हता. मग एक शंका विचारतो. काचेचे सूक्ष्म मणी का नकोत? ते स्वस्त आहेत, गोल आहेत आणि उन्हाने खराबही होत नाहीत.

प्रकाशवेध

सोडा-लाइम काचेचा अपवर्तनांक १.५२ आहे, म्हणजे एलडीपीईच्या अगदी शेजारी. विखुरण्याच्या कामी ती निरुपयोगी ठरेल. पोकळ काचेचे मणी आतल्या हवेमुळे जोरात विखुरतात, पण एक्स्ट्रूडरच्या दाबाखाली त्यांतले बरेच फुटतात. असे असले तरी काच पूर्णपणे बाजूला सारू नये, कारण दृश्य प्रकाशाला न अडवणारा पदार्थ अवरक्त प्रारणाला अडवू शकतो. त्याविषयी उष्मागती यांनी लिहावे, त्यांचा तो विषय आहे.

उष्मागती

लिहितो. १५ अंश सेल्सिअस तापमानाचे पीक आणि जमीन रात्री जे प्रारण सोडतात, त्याची तीव्रता १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. निरभ्र रात्री वातावरण ८ ते १३ मायक्रॉनच्या पट्ट्यात जवळपास उघडे असते. दुर्दैवाने पॉलिथिनही याच पट्ट्यात पारदर्शक आहे. त्यामुळे साध्या एलडीपीईच्या पॉलिहाउसमध्ये वारा पडलेल्या निरभ्र रात्री आतले तापमान बाहेरच्या तापमानाच्याही खाली उतरू शकते.

हा पट्टा अडवण्याची क्षमता फिलरच्या रासायनिक बंधांवर ठरते. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध ९ ते १० मायक्रॉनच्या भागात जोरात शोषण करतो. म्हणून केओलिन, टाल्क, सिलिका, काच आणि सिलिकोन रेझिन हे सारे या कामात उपयोगी आहेत. बेरियम सल्फेटमधील सल्फेटचे शोषण ८.५ ते ९.५ मायक्रॉनच्या भागात येते, म्हणजे तेही बऱ्यापैकी. कॅल्शियम कार्बोनेटचे शोषणपट्टे मात्र ७, ११.४ आणि १४ मायक्रॉनजवळ आहेत. ८ ते ११ हा सर्वांत मोलाचा भाग ते उघडाच सोडते. ईव्हीए स्वतः ८ आणि ९.८ मायक्रॉनजवळ शोषण करते, तेव्हा ताईंच्या मधल्या थराची थोडी मदत आधीच आहे.

म्हणूनच मला कॅल्शियम कार्बोनेट हा या कामासाठी अपुरा पर्याय वाटतो. ते प्रकाश विखुरेल, पण रात्रीच्या उष्णतेसाठी त्याच्या भरवशावर राहता येणार नाही.

प्रारणाचे हे गणित किती दूर नेता येते याचे एक उदाहरण सांगतो. २०१७ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी पॉलिमेथिलपेंटिनच्या ५० मायक्रॉन फिल्ममध्ये सुमारे ८ मायक्रॉन व्यासाचे सिलिकाचे गोळे घातले आणि मागे चांदीचा पातळ थर दिला. भर दुपारच्या उन्हात त्या फिल्मने दर चौरस मीटरला ९३ वॅट इतके शीतकरण दिले. पॉलिहाउसवर चांदी लावता येणार नाही हे उघड आहे, पण एकाच फिलरने दृश्य आणि अवरक्त अशा दोन्ही भागांत आपले काम कसे करावे, हे त्यातून उत्तम दिसते.

द्राक्षनगरी

उष्मागती यांनी निरभ्र रात्रीचे जे वर्णन केले आहे ते आम्ही नाशिक भागात दर हिवाळ्यात अनुभवतो. निफाडचा पारा किती खाली जातो हे सर्वांना माहीत आहे. ढोबळी मिरचीची फळधारणा त्या दिवसांत थांबते. आमच्यासाठी रात्रीची उष्णता अडवणे हे प्रकाश विखुरण्याइतकेच महत्त्वाचे आहे. मावळातील मित्रांचा पहिला निकष आमचा पहिला निकष नाही, एवढे नम्रपणे नोंदवतो.

आणखी एक बाब कोणी मांडलेली नाही. गुलाबावर आणि मिरचीवर भुरीसाठी आम्ही गंधकाची फवारणी किंवा धुरी देतो. माझ्या एका पॉलिहाउसचा पेपर मुदतीच्या बराच आधी पाइपलगतच्या भागात ठिसूळ होऊन फाटला. पुरवठादाराने गंधकाकडे बोट दाखवले आणि हमी नाकारली. पेपर निवडताना मात्र गंधकाविषयी कोणी विचारले नव्हते.

बहुवारिक_पुणे

द्राक्षनगरी, हा मुद्दा आमच्या क्षेत्रात परिचित आहे. फिल्मला उन्हापासून वाचवणारी हॅल्स ही स्थिरकारके क्षारधर्मी अमाइन असतात. गंधकापासून तयार होणारी आम्ले त्यांना निकामी करतात. पाइपलगत फिल्म जास्त तापते, म्हणून ती तिथेच प्रथम फाटते. पाइप त्या जागी पांढरे रंगवले तर फरक पडतो. आम्लाला तोंड देणाऱ्या प्रकारची हॅल्सही मिळतात, परंतु त्यांचा भाव जास्त असतो.

फिलरच्या निवडीशी याचा थेट संबंध आहे, आणि या धाग्यात त्यावर अजून चर्चा झाली नाही. सच्छिद्र सिलिका आणि केओलिन यांचा पृष्ठभाग हॅल्स आणि अँटिड्रिप (दवाचे थेंब टपकू न देणारी) द्रव्ये धरून ठेवतो. केओलिनच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी जागाही असतात. म्हणजे रात्रीच्या उष्णतेसाठी जो फिलर उत्तम, तोच स्थिरकारकाचा वाटा खाणारा ठरू शकतो. यावर कोणी प्रत्यक्ष काम केले असेल तर कृपया लिहावे.

खनिजमित्र

भाजलेल्या केओलिनला सिलेनचा लेप देऊन ही अडचण बरीच कमी करता येते. लेपामुळे बहुवारिकाशी पकडही सुधारते. न भाजलेले केओलिन मात्र या कामाला घेऊ नये, कारण त्यात रासायनिक बंधातील पाणी असते. भाजलेल्या केओलिनच्या कणांत सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे ते नुसत्या अपवर्तनांकावरून वाटते त्यापेक्षा जास्त प्रकाश विखुरते, आणि थोडा मागेही परतवते. उष्णता अडवण्यासाठी ते काही टक्क्यांच्या प्रमाणात घालावे लागते, म्हणून पारगम्यतेवरचा परिणाम मोजल्याशिवाय प्रमाण ठरवू नये.

विद्यार्थी_पदार्थविज्ञान

मी पदव्युत्तर प्रकल्पासाठी नॅनो टायटॅनियम डायऑक्साइडवर वाचन करत आहे. ते अतिनील किरण शोषते, प्रकाश विखुरते आणि पृष्ठभाग स्वच्छही ठेवते. तीन गुण एकाच पदार्थात असताना इथे कोणीच त्याची बाजू का घेत नाही?

प्रकाशवेध

प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. कण तरंगलांबीच्या तुलनेत फारच लहान झाला की विकिरण रॅले प्रकाराचे होते, म्हणजे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त विखुरतो आणि त्यातला निम्मा मागे जातो. पिकाला निळा प्रकाशही हवा असतो. शिवाय इतक्या लहान कणांमुळे मिळणारा एकूण हेझ कमीच राहतो. कण ०.२ ते ०.३ मायक्रॉनपर्यंत वाढवला तर फिल्म दुधासारखी पांढरी होते आणि बराचसा प्रकाश आकाशाकडे परततो. म्हणजे विखुरण्याच्या कामासाठी दोन्ही आकार गैरसोयीचेच ठरतात.

बहुवारिक_पुणे

यात रसायनाची बाजू जोडते. टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण शोषते ते खरे, पण त्या शोषलेल्या ऊर्जेतून त्याच्या पृष्ठभागावर मुक्त मूलके तयार होतात आणि ती बहुवारिकाच्या साखळ्या तोडतात. पृष्ठभाग स्वच्छ ठेवण्याचा गुण आणि फिल्म ठिसूळ करण्याचा दोष या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत. ॲनाटेज या त्याच्या स्फटिकप्रकारात हे अधिक घडते. सिलिका आणि ॲल्युमिनाचा लेप दिलेला रुटाइल सुरक्षित असतो, पण मग स्वच्छतेचा गुणही उरत नाही. अतिनील किरण अडवायचे असतील तर झिंक ऑक्साइडचा विचार करावा. ते साधारण ३७५ नॅनोमीटरच्या खाली शोषण करते, आणि लाल गुलाबाच्या पाकळ्या काळवंडण्याच्या तक्रारीत अतिनील किरणांचा वाटा असतो.

सोलापूरचे_रान

इतका वेळ रात्रीच्या थंडीची चर्चा झाली, पण आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पॉलिहाउसमध्ये उभे राहवत नाही. आम्ही आत शेडनेट ओढतो आणि त्यामुळे प्रकाशसंश्लेषणाला लागणारा प्रकाशही गमावतो. सूर्यापासून येणाऱ्या ऊर्जेचा सुमारे निम्मा भाग निकट-अवरक्त असतो आणि पिकाला त्याचा उपयोग नसतो. तो भाग अडवणारा फिलर नाही का?

उष्मागती

आहे. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा ठरावीक जाडीचा थर दिलेली रंगद्रव्ये निकट-अवरक्त परावर्तित करतात आणि ती हरितगृहाच्या फिल्ममध्ये वापरली जातात. पापुद्रे फिल्मच्या पृष्ठभागाला समांतर राहिले तरच परिणाम मिळतो. दृश्य प्रकाशाचाही काही भाग ते घालवतात आणि भाव पुष्कळ असतो. सोलापूर आणि मराठवाड्यासाठी तो हिशेब बसू शकेल, मावळासाठी नक्कीच बसणार नाही. सर्व महाराष्ट्रासाठी एकच बहुगुणी फिल्म असावी ही अपेक्षाच मला चुकीची वाटते.

डेल्फ्ट_मुक्कामी

उष्मागती यांच्या आधीच्या प्रतिसादावर एक आक्षेप नोंदवते. रात्री फिल्मच्या आतल्या बाजूस दव जमते. पाणी या तरंगलांबींना जवळपास अपारदर्शक असते. अँटिड्रिप फिल्मवर तर पाण्याचा सलग पातळ पडदा तयार होतो. म्हणजे ज्या रात्री उष्णता अडवण्याची गरज आहे, त्याच रात्री साध्या पॉलिथिनवरचे पाणीच ते काम बऱ्याच अंशी करत असते. प्रयोगशाळेत कोरड्या फिल्मवर मोजलेला फिलरचा फायदा शेतात तेवढा मिळत नाही.

उष्मागती

आक्षेप मान्य आहे, पण त्याला मर्यादा आहेत. संध्याकाळी दव जमेपर्यंतचे पहिले काही तास आणि ज्या पॉलिहाउसमध्ये हवा खेळती ठेवल्यामुळे आर्द्रता कमी असते अशा ठिकाणी फिल्म कोरडीच असते. शिवाय दव जमून ते थेंबाथेंबाने पिकावर पडणे म्हणजे करप्याला आणि राखाडी बुरशीला आमंत्रण. पाण्याच्या भरवशावर उष्णता अडवण्यापेक्षा फिल्म स्वतः थोडी उबदार राहील अशी व्यवस्था करणे मला अधिक योग्य वाटते.

द्राक्षनगरी

अनुभवाने सांगतो, दोघांचेही म्हणणे खरे आहे. माझ्याकडे शेजारी-शेजारी साधा आणि थर्मिक (रात्रीची उष्णता अडवणारा) असे दोन्ही पेपर आहेत. थंड, कोरड्या रात्री फरक जाणवतो. दवाच्या रात्री तो बराच कमी होतो, मात्र पूर्ण नाहीसा होत नाही.

हिशेबनीस

किमतीविषयी कोणी मोकळेपणाने लिहीत नाही, म्हणून लिहितो. २०० मायक्रॉन फिल्मचा एक चौरस मीटर साधारण १८४ ग्रॅम भरतो. त्यात १ टक्का फिलर म्हणजे १.८४ ग्रॅम. म्हणजे एक किलो सिलिकोनचे मणी ५४० चौरस मीटरहून थोड्या जास्त फिल्मला पुरतात. भाव कॅल्शियम कार्बोनेटच्या कितीतरी पट असला, तरी तो चौरस मीटरमागे विभागून, आणि फिल्म किती हंगाम टिकणार आहे त्यावर भागून पाहिला पाहिजे. खरेदीच्या दिवशीचा किलोचा भाव पाहून घेतलेला निर्णय शेतकऱ्याला महागात पडतो.

प्रकाशवेध

हिशेबनीस यांच्या १ टक्क्याला प्रकाशाचा हिशेब जोडतो. ४.५ मायक्रॉनचे सिलिकोनचे मणी वजनाने १ टक्का असतील, तर सरळ येणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग फिल्ममधून जाताना एकदा तरी वळतो. २.८ मायक्रॉनचे बेरियम सल्फेट तेवढ्याच वजनाने घातले तर सुमारे निम्मा. हा अंदाज कण एकसारखे गोल आणि नीट विखुरलेले आहेत असे धरून केला आहे. बेरियम सल्फेटचे कण तसे नसतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा सरकेल. मात्र वळण्याचा कोन दोन्हींत काही अंशांचाच आहे. पाइपची सावली विरवायची असेल, तर प्रकाश अनेकदा वळला पाहिजे, आणि त्यासाठी प्रमाण वाढवावे लागेल. डेल्फ्ट_मुक्कामी यांनी हेझविषयी जे लिहिले त्याचे हेच कारण आहे.

रानवाटा

एक वेगळी शंका. मुदत संपलेला पेपर भंगारात जातो आणि त्याचे दाणे बनवून पुन्हा वापर होतो. हे फिलर त्यात अडथळा आणतात का?

फिरता_रोल

एक-दोन टक्क्यांनी फारसा फरक पडत नाही. पुनर्वापराच्या दाण्यांपासून बनणाऱ्या नळ्या आणि पिशव्यांत याहून जास्त कॅल्शियम कार्बोनेट मुद्दाम घातलेले असते. खरी अडचण माती, गंधकाचे अवशेष आणि उन्हाने ठिसूळ झालेले बहुवारिक यांची होते. पेपर उतरवल्यावर धुऊन, गुंडाळून दिला तर भंगारवालाही बरा भाव देतो.

बहुवारिक_पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या चर्चेनंतर कॅल्शियम कार्बोनेटकडे असलेला माझा कल बदलला आहे. ॲक्रिलिक आणि टायटॅनियम डायऑक्साइड मी यादीतून काढले आहेत. ग्राहकासमोर दोन स्वतंत्र प्रस्ताव ठेवणार आहे. मावळ आणि घाटमाथ्यासाठी मधल्या थरात केवळ सिलिकोनचे मणी, १ टक्क्याच्या आसपास, म्हणजे पावसाळ्यातली पारगम्यता फारशी घटणार नाही. नाशिक भागासाठी सिलिकोनचे मणी थोडे कमी आणि सोबत सिलेनचा लेप असलेले भाजलेले केओलिन, तसेच आम्लाला तोंड देणारी हॅल्स. बेरियम सल्फेटचा एक नमुना तुलनेसाठी काढेन, कारण खनिजमित्र यांच्या हिशेबानंतरही त्याचा भाव मला विचारात घेण्याजोगा वाटतो.

सोलापूरच्या प्रश्नाला माझ्याकडे सध्या परवडणारे उत्तर नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

नमुने तयार झाल्यावर नेमके काय काय मोजावे, याविषयी शेवटची सूचना हवी आहे.

डेल्फ्ट_मुक्कामी

अर्धगोलीय पारगम्यता कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही स्थितींत मोजावी. लंबरूप पारगम्यतेवर थांबू नये, कारण सकाळ-संध्याकाळ सूर्य तिरपा असतो. विखुरण्याचे मापन निदान चार-पाच कोनांवर व्हावे. एवढ्या सोयी जवळ नसतील, तर प्रकाशमापनाची चांगली प्रयोगशाळा असलेल्या एखाद्या संस्थेकडून ते करून घ्यावे.

द्राक्षनगरी

आणि ताई, नमुन्याच्या काही पट्ट्या गंधकाच्या धुरीत ठेवून मगच उन्हाच्या चाचणीला लावाव्यात. माझ्या पॉलिहाउसमध्ये त्यासाठी जागा देतो. पाइपवर, पाइपपासून दूर आणि पाइप पांढरा रंगवलेल्या जागी, अशा तिन्ही ठिकाणी पट्ट्या बांधता येतील.

बहुवारिक_पुणे

द्राक्षनगरी, आपला प्रस्ताव आनंदाने स्वीकारते. पट्ट्यांसोबत साध्या फिल्मचाही एक संच पाठवते, म्हणजे तुलना पूर्ण होईल. भुरीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी त्या आपल्याकडे पोहोचतील अशी व्यवस्था करते.